दादा म्हणू की ताई?



१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यातल्या रविवारी आपल्या चर्चमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींना वेदीपुढे बोलावून आशीर्वाद देतात आणि मिस्सा संपल्यावर रुग्णभेट मंडळातले आम्ही लोक त्यांच्याबरोबर सभागृहात चहा घेतो. दरवर्षीचे बोलणे ठरलेले असते. मेसचे जेवण कसे आहे, रात्रपाळी जमते का, गावी कधी जाणार. यंदा मात्र दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने एक प्रश्न विचारला आणि तो आमच्यापैकी कोणालाच धड सोडवता आला नाही. म्हणून तो आज या पानावर आपणा सर्वांपुढे ठेवीत आहोत.

तिची ड्यूटी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात होती. रात्री लघवी अडली म्हणून एक रुग्ण दाखल झाला होता. केसपेपरवर नाव पुरुषाचे, अंगावर साडी, हातात बांगड्या. स्त्रियांच्या वॉर्डात जागा मिळाली नाही. पुरुषांच्या वॉर्डात इतर रुग्णांचे नातेवाईक कुरकुरू लागले. शेवटी खाट व्हरांड्यात बाथरूमच्या दाराशी सरकवण्यात आली. या मुलीला ताप आणि बीपी घ्यायला पाठवले. आपल्याकडे सिस्टर रुग्णाला नावाने फारशी हाक मारीत नाही. काका, मावशी, दादा, ताई, बाई असे काहीतरी म्हणते आणि त्या एका शब्दाने अर्धी भीती जाते. ती मुलगी म्हणाली, "आंटी, मी तिथं उभीच राहिली. दादा म्हणू की ताई म्हणू? चुकलं तर? मग काहीच बोलली नाही. पट्टा बांधला, लिहून घेतलं अन् निघून आली."

आमच्यात कोणीतरी हसले. खरे सांगायचे तर आम्ही सगळेच हसलो. मग एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "काही का म्हणेना बाप्पा, औषध वेळेवर दिलं म्हणजे झालं." विषय तिथे मिटला असता. पण ती मुलगी पुढे म्हणाली, की दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा खाट रिकामी होती. कोणाला न सांगता तो रुग्ण निघून गेला होता. लघवीची नळी तशीच घेऊन.

नळी आत ठेवून घरी गेलेल्या माणसाचे काय होऊ शकते हे येथे सविस्तर लिहायला नको. जंतुसंसर्ग चढतो, ताप येतो, मूत्रपिंडापर्यंत जातो. म्हणजे औषध वेळेवर देऊनही काही झाले नाही. औषध घ्यायला रुग्णच थांबला नाही. त्याला कोणी हाकलले नव्हते, शिवी दिली नव्हती. फक्त कोणी काही बोलले नव्हते.

या रुग्णांविषयी बोलताना 'एलजीबीटी' हा शब्द वर्तमानपत्रांतून आता नेहमी येतो. समलिंगी स्त्री-पुरुष, दोन्हींकडे ओढ असणारे, आणि जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग आपले नाही असे ज्यांना वाटते ते, असे सगळे त्यात येतात. तृतीयपंथी किंवा किन्नर ज्यांना आपण म्हणतो तेही त्यातच. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. कायद्याची गोष्ट एवढी पुरे. आपल्या गांधीबागेत कापड बाजारात नव्या दुकानाचा मुहूर्त असला की टाळी वाजवीत येणाऱ्यांना आपण ओळखतो. दहा-वीस रुपये देतो आणि डोळ्याला डोळा न देता पुढचे गिऱ्हाईक पाहतो. आणि समलिंगी माणूस आपल्याला माहीतच नसतो, कारण तो सांगत नाही. तो आपल्याच बाकावर, आपल्याच शेजारी बसून मिस्सा ऐकत असेल.

डागा रुग्णालय आपल्या भागातच, मेयो हाकेच्या अंतरावर. आपल्या कितीतरी घरांतल्या लेकी नर्स झाल्या आहेत, होणार आहेत. तेव्हा हा प्रश्न मुंबई-दिल्लीचा नाही. तो आपल्या घरातल्या मुलीच्या उद्याच्या ड्यूटीचा आहे.

आम्हाला आमची एक गोष्टही सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या आठवड्यात आम्ही एका रुग्णालयात फळे घेऊन गेलो होतो. प्रत्येक खाटेशी थांबायचे, दोन केळी आणि एक संत्रे ठेवायचे, विचारपूस करायची, रुग्णाची इच्छा असेल तर प्रार्थना म्हणायची, असा क्रम होता. शेवटून दुसऱ्या खाटेवर एक किन्नर होते. आमच्यापैकी पुढे असलेल्याने फळे ठेवली, पण थांबला नाही. मागचेही थांबले नाहीत. कोणी काही ठरवले नव्हते. शेवटच्या खाटेवरच्या आजोबांसाठी मात्र आम्ही लांबलचक प्रार्थना म्हटली, आणि ती त्या शेजारच्या खाटेवरून ऐकू जात होती. घरी येताना कोणी त्याविषयी बोलले नाही. आज त्या मुलीच्या तोंडून तेच ऐकले तेव्हा आमचे हसणे घशात का अडकले, हे आता कळते.

भीती वाटते हे आधी कबूल करावे. आपल्या विदर्भात बाबा आमटे यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पावसात गटाराकाठी पडलेल्या तुळशीराम नावाच्या महारोग्याला पाहून ते घाबरून पळाले होते. मग स्वतःच्या भीतीची लाज वाटून परत आले. आनंदवनाची सुरुवात त्या परत येण्यात आहे, पण त्याच्या आधी पळणे आहे. आमची ती मुलगीही पळाली आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. उशीर झाला होता एवढेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. काही वाचकांच्या मनात प्रश्न आला असेल: ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे? आपण ती गुंडाळून ठेवायची का? तसे आम्ही म्हणत नाही. विवाह स्त्री-पुरुषांचा आणि शरीरसंबंधाची जागा विवाहात, ही शिकवण आहे तशीच आहे. पण १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ ज्या पानावर हे सांगतो, त्याच पानावर, २३५८ व्या परिच्छेदात, समलिंगी व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावे, त्यांच्याशी अन्यायाचा भेदभाव होऊ देऊ नये, असेही सांगतो. अर्धे पान वाचून ग्रंथ मिटायचा नसतो. एप्रिल २०२४ मध्ये मानवी प्रतिष्ठेवर व्हॅटिकनने काढलेल्या दस्तऐवजाचेही तसेच. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियांविषयी त्यात आक्षेप आहेत, आणि लैंगिक कलामुळे कोणाला तुरुंगात टाकणे, छळणे वा मारणे हे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे हेही आहे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलम कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध नोंदवूनही, ख्रिस्तसभेने या व्यक्तींना कधी गुन्हेगार मानलेले नाही, असे स्पष्ट सांगितले होते.

म्हणजे शिकवणीची अडचण नाही. अडचण ही आहे, की शिकवण कुठे बोलायची आणि कुठे नाही हे आपल्याला समजत नाही.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाची कथा आहे. वाटेत एक आंधळा दिसतो आणि शिष्य लगेच विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? तो आंधळा तिथेच बसलेला आहे, त्याला ऐकू येते आहे, याचे भान कोणालाच नाही. येशू त्या प्रश्नाचा हिशेबच मांडत नाही. दोघांचेही नाही, असे सांगून तो खाली वाकतो, मातीचा लेप करतो आणि त्याच्या डोळ्यांना लावतो. नर्सिंगच्या मुलींनी हा अध्याय जरूर वाचावा. शिष्यांचा प्रश्न अजून वॉर्डात विचारला जातो, फक्त शब्द बदलले आहेत. "यांना असले आजार होणारच." "कशाला केलं असं?" "लग्न का नाही झालं?"

पाप ऐकण्याची जागा ख्रिस्तसभेने वेगळी ठेवली आहे. पापनिवेदनाच्या पिंजऱ्यात माणूस आपल्या पायांनी आणि आपल्या इच्छेने येतो, आणि जे बोलतो ते धर्मगुरूच्या पोटातच राहते. जीव गेला तरी त्यांनी ते फोडायचे नाही. रुग्ण सिस्टरकडे आपल्या इच्छेने आलेला नसतो. ताप आणतो, जखम आणते. त्याच्याकडून कबुलीजबाब घेऊन मगच मायेने वागायचे, ही सौदेबाजी झाली. आणि तिचा परिणाम काय होतो? तो खोटे बोलतो. सिस्टरच्या कपाळावर आठी दिसली की रुग्ण अर्धे सांगतो आणि अर्धे गिळतो.

वैद्यकात गिळलेल्या अर्ध्याचीच गरज असते. तृतीयपंथी समाजात 'निर्वाण' म्हणून जी शस्त्रक्रिया चालत आली आहे, ती अनेकदा अप्रशिक्षित हातांनी झालेली असते. त्यातून पुढे मूत्रमार्ग अरुंद होऊन लघवी अडू शकते. आमच्या मुलीच्या त्या रुग्णाचे तेच होते की नाही आम्हाला माहीत नाही. कोणी विचारलेच नाही. काहीजण दुकानातून आणलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेतात आणि दवाखान्यात लपवतात. पुरुष म्हणून राहणाऱ्या पण स्त्री म्हणून जन्मलेल्या व्यक्तीला गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी लागू शकते, ती कोणाला सुचत नाही. एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता वाटली तर तो टाळण्याचे औषध बहात्तर तासांच्या आत सुरू करावे लागते. लाजेपायी तीन दिवस गेले की ती वाट बंद. म्हणून सिस्टरला कधी कधी खाजगी प्रश्न विचारावेच लागतात. ते कसे विचारायचे हे शिकवावे लागते. पडदा ओढून, आवाज खाली घेऊन, आधी कारण सांगून: "औषध ठरवायला डॉक्टरांना हे लागतं, म्हणून विचारते." ज्या प्रश्नाला असे कारण सांगता येत नाही, तो प्रश्न कुतूहलाचा आहे, तो विचारू नये.

कुतूहलावरून आठवले. राउंडच्या वेळी आठ-दहा विद्यार्थी एका खाटेभोवती जमतात. शिकण्यासाठी ते लागते, मान्य. पण किन्नर रुग्ण असला की शेजारच्या वॉर्डातलेही डोकावतात, आणि पाय मोडलेला असला तरी चादर भलतीकडून वर उचलली जाते. आमच्या मंडळातल्या एक निवृत्त सिस्टर सांगत होत्या, की त्यांच्या काळी हे इतके सहज होते की चूक आहे असे कोणाला वाटतही नसे. रुग्णाची परवानगी घ्यावी लागते हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. नर्सिंगच्या मुली दिवे लावून जी शपथ घेतात, ती मुळात १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली. रुग्णाचे खाजगी ते खाजगी ठेवण्याचे वचन तिच्यात तेव्हापासून आहे. गुपित जपणे म्हणजे काय, हे कॅथलिक मुलीला तरी वेगळे समजावून सांगावे लागू नये.

जेव्हा हे वचन मोडले जाते तेव्हा काय होते, याचे एक उदाहरण गोव्यातले आहे, आणि ते आपल्याच समाजातले आहे. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेहमी रक्तदान करीत असे. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिस घरी आले आणि त्याला घेऊन गेले. काय झाले आहे ते त्याला कोणी सांगितले नाही. समोरच्या नोंदवहीत 'एड्स' हा शब्द दिसला तेव्हा त्याला कळले. त्या वेळच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला वेगळे ठेवण्याची तरतूद होती. म्हापशाच्या वापरात नसलेल्या एका क्षयरोग रुग्णालयात, पोलिसांच्या पहाऱ्यात, त्याला चौसष्ट दिवस ठेवण्यात आले. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा आढळून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. लोकांची समजूत होती की शेजारी बसले तरी लागण होते. आई ल्युसी यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. डॉमिनिक घरी आला, पण नोकरी गेली. त्याने १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो देवाघरी गेला. त्याच्या आयुष्यावरून सुचलेला 'माय ब्रदर निखिल' हा हिंदी चित्रपट २००५ साली आला, त्यातला नायक समलिंगी आहे. आमच्यापैकी काहींनी तो तेव्हा पाहिला होता. त्यातल्या आईबापांची घालमेल पाहून डोळे भरले होते, हे खरे.

त्या चौसष्ट दिवसांत त्याच्या दाराशी पहारेकरी होता. सिस्टर असायला हवी होती.

याच्या तीन-चार वर्षे आधी, २४ डिसेंबर १९८५ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, कोलकात्याच्या मदर तेरेसा यांनी न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या रुग्णांसाठी 'गिफ्ट ऑफ लव्ह' हे घर उघडले. पहिल्या रुग्णांत सिंग सिंग तुरुंगातले कैदी होते. त्या शहरात तेव्हा या रोगाने मरणाऱ्यांत समलिंगी पुरुष आणि सुई टोचून नशा करणारे फार होते. मदरची मते किती कडक होती हे सर्वांना माहीत आहे. त्यांनी शिकवणीतला काना-मात्राही बदलला नसता. तरी मरणाऱ्याची चादर बदलायच्या आधी त्याच्या आयुष्याचा हिशेब मागावा, असे त्यांना वाटले नाही. ठाम मत आणि मऊ हात एकाच अंगाला असू शकतात, याला आम्हाला यापेक्षा चांगला पुरावा सापडत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. "आमच्या विवेकाला पटत नाही ते करायला लावाल का?" असे एका तरुणाने त्याच सकाळी विचारले. तो ब्रदर म्हणून काम करतो, नोकरीत नवा आहे. आमच्या मते उत्तर असे आहे: विवेक एखाद्या कृतीला नाही म्हणू शकतो. गर्भपाताच्या शस्त्रक्रियेत हात लावणार नाही असे कॅथलिक परिचारिका म्हणते, तेव्हा ख्रिस्तसभा तिच्या पाठीशी असते. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेविषयीही एखाद्याला असे वाटू शकते. त्याने वरिष्ठांशी आधी, मोकळेपणी बोलावे. पण विवेक माणसाला नाही म्हणू शकत नाही. शस्त्रक्रिया कुठेही, कशीही झालेली असो, टाके पिकले की ते धुवायचे. तिथे विवेक आड येत असेल तर तो विवेक नाही, किळस आहे. किळस येणे हे पाप नाही. तिला धर्माचे नाव देणे मात्र बरोबर नाही.

हातमोज्यांचेच पाहा. पूर्वी 'संशयित' रुग्णासाठी हातमोजे घालीत आणि बाकीच्यांसाठी नाही. मग त्या एका खाटेकडे मोजे घालून गेलेली सिस्टर पाहूनच सगळ्या वॉर्डाला कळे. एड्सच्या साथीनंतर नियम बदलला: कोणाचेही रक्त असो, स्राव असो, हात लावायचा तर मोजे, आणि केवळ नाडी पाहायची, उशी सरकवायची तर कोणालाच नको. किती साधा नियम आहे! रुग्ण कोण हे पाहायचे नाही, काय हाताळायचे आहे ते पाहायचे. तरी आजही कोणी किन्नर रुग्णाचा ताप घ्यायला दुहेरी मोजे चढवून जाते. रुग्णाला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

दयाळू शोमरोनीच्या दाखल्यावर आपण शेकडो प्रवचने ऐकली, पण उतारशाळेच्या मालकाविषयी एकही ऐकल्याचे आठवत नाही. शोमरोनी जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर घालून आणतो, एक रात्र सेवा करतो आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन निघून जातो. पुढचे सगळे दिवस त्या मालकाचे. पट्ट्या बदलणे, पाणी पाजणे, रात्री कण्हला तर उठणे. आमच्या मते दाखल्यातली परिचारिका तीच. आणि लूक त्या जखमी माणसाविषयी काय सांगतो? एक माणूस, एवढेच. जात नाही, गाव नाही. अंगावरचे कपडेही चोरांनी नेले होते, म्हणजे कपड्यांवरून ओळखण्याची सोय नव्हती.

त्या मालकाने आणखी एक गोष्ट केली. आणणाऱ्याला त्याने जखमीशी नाते विचारले नाही. आपल्याकडच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना असतो, आणि तिथे पुष्कळ जण अडकतात. पंधरा वर्षे एका घरात राहिलेला जोडीदार बाहेर बाकावर बसतो, आणि ज्या भावाने पंधरा वर्षे तोंड पाहिले नाही त्याला फोन लावून सहीसाठी बोलावले जाते. किन्नरांच्या बाबतीत गुरू किंवा चेले येतात. त्यांनाच घरचे समजायचे असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्ण आपल्या पसंतीची प्रौढ व्यक्ती प्रतिनिधी म्हणून नेमू शकतो. २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवले, की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देता यावा. विद्यार्थिनी कायदा बदलू शकत नाही. पण बाकावरच्या माणसाला "तुम्ही आत या, त्यांना बरं वाटेल" एवढे म्हणू शकते, भेटीच्या वेळेत तर नक्कीच.

मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ साली तृतीयपंथीयांसाठी तीस खाटांचा स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. चांगले झाले. व्हरांड्यातल्या खाटेपेक्षा ते केव्हाही बरे. पण आम्हाला थोडी धास्तीही वाटते, की स्वतंत्र वॉर्ड झाला म्हणजे बाकी सर्व वॉर्डांतल्या सिस्टरना शिकण्याची गरज उरली नाही असे होईल. अपघात झालेला माणूस वॉर्ड निवडून येत नाही. आणि समलिंगी रुग्ण तर कोणत्याच वेगळ्या वॉर्डात जाणार नाही; तो जनरल वॉर्डात, बायकोविषयी विचारले की हसून विषय बदलत पडलेला असेल.

नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात लैंगिकतेवर छोटासा घटक आहे. तृतीयपंथीयांसाठीचा २०१९ चा कायदा झाला तेव्हा त्यात डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आढावा घेण्याचे कलम होते. परिचारिकांचे नाव त्या कलमात नव्हते. डॉक्टर खाटेशी पाच मिनिटे असतो आणि सिस्टर आठ तास, हे कायदा लिहिणाऱ्यांना कोणी सांगायला हवे होते.

त्या मुलीच्या मूळ प्रश्नाचे उत्तर राहिलेच. निवृत्त सिस्टरांनी ते शेवटी दिले, आणि ते इतके सोपे होते की आम्हाला आमचीच शरम वाटली. "बेटा, त्यांनाच विचारायचं. 'मी तुम्हाला काय म्हणून हाक मारू?'" केसपेपरवरचे नाव औषधाची खात्री करण्यासाठी हळू वाचावे, ते चारचौघांत पुकारू नये. आणि उत्तर मिळेपर्यंत आपली मराठी मदतीला येते. तू म्हटले की लगेच 'आलास' की 'आलीस' ठरवावे लागते. 'तुम्ही आलात', 'तुम्ही जेवलात का' यात पुरुष की बाई ते उघड होत नाही. आपल्या नागपुरी बोलण्यात 'तुम्ही जेवल्या का' होऊन जाते, तेव्हा 'जेवण झालं का' म्हणावे. चूक झालीच तर एकदा "माफ करा" म्हणून पुढे जावे, पाच मिनिटे माफी मागत बसू नये. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो असे योहान सांगतो. रुग्णाने सांगितलेल्या नावाने हाक मारण्यात कोणत्या आज्ञेचा भंग होतो, ते आम्हाला तरी सापडले नाही.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात नर्सिंगच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींसाठी याच विषयावर दीड तासाची बैठक ठेवली आहे. निवृत्त सिस्टर वॉर्डातले प्रसंग घेऊन शिकवतील. ज्यांनी हे सर्व रुग्ण म्हणून सोसले आहे, अशा एका पाहुण्यांनीही येण्याचे कबूल केले आहे. त्यांना कोणत्या नावाने बोलवायचे ते आम्ही विचारून घेतले आहे. पालकही येऊ शकतात. ज्यांना सर्वांसमोर विचारणे अवघड वाटते, त्यांनी आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून दाराजवळच्या पेटीत टाकावेत. चिठ्ठीवर नाव घालण्याची गरज नाही.

– रुग्णभेट मंडळ